नगरला परत आलेला रणगाडा

इंदूर, देवास, उज्जैन या बाजूची मराठी कुटुंबे मोटारीने पुण्याकडे निघाली म्हणजे धुळे-मनमाड मागे टाकतात, शिर्डीस साईबाबांचे दर्शन घेतात आणि मग नगरास येतात. नगर हे बहुतेकांच्या लेखी चहापाण्यासाठी थांबण्याचे गाव. फार तर चांदबीबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी डोंगरावरची वास्तू दुरून दाखवावी आणि पुढे निघावे, एवढाच त्याच्याशी आपला संबंध. २०२४ साली या शहराचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, तेव्हा इंदूरकरांना निश्चितच आनंद झाला असेल. कारण ज्या अहिल्यादेवींनी माळव्यावर मायेची पाखर धरली, त्यांचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातले. परंतु जिभेला वळण जुनेच असल्यामुळे या लेखापुरते आम्ही त्याला नगरच म्हणणार आहोत. वाचकांनी क्षमा करावी.

या नगरात भारतीय सैन्याच्या रणगाडा दलाचे मोठे केंद्र आणि शिक्षणसंस्था आहे. या केंद्राने १९९४ साली रणगाड्यांचे एक संग्रहालय उभारले. घोडा गेला आणि त्याच्या जागी पोलाद आले, ही शंभर वर्षांची कथा तेथे एका आवारात उभी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती मोटार आहे, दुसऱ्या महायुद्धातले मॅटिल्डा आणि व्हॅलेंटाइन आहेत, १९६५ साली आपल्या सैन्याने जिंकून आणलेले पॅटन आहेत. मुले तोफांच्या नळ्यांकडे डोळे विस्फारून पाहतात, वडील मंडळी फलकावरचे आकडे वाचतात आणि घटकाभराने सारे उपाहारगृहाकडे वळतात. आम्हीही असेच वळणाऱ्यांपैकी. परंतु नगरच्या याच केंद्रात जतन केलेल्या एका रणगाड्याची हकिकत कळली आणि आमचे पाय थबकले. त्या रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता'.

नाव ऐकून आश्चर्य वाटेल. फामागुस्ता हे भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक प्राचीन बंदर. रणगाड्यांना नावे देण्याची रीत घोडदळातून आलेली आहे. घोड्याला जसे नाव असते, तसे त्याच्या वारसालाही असावे, एवढीच त्यामागची भावना. हा रणगाडा ज्या रेजिमेंटचा, तिचे नाव मात्र आपल्याला परके नाही. ती 'पूना हॉर्स'. तिच्या जन्माची कथा आपल्याच इतिहासाच्या एका दुखऱ्या पानावर लिहिलेली आहे.

पुण्याचे नाव धारण करणारा रिसाला

१८१७ साली दुसऱ्या बाजीरावावर इंग्रजांनी पुण्याचा तह लादला. त्या तहान्वये पेशव्यांच्या खर्चाने एक घोडदळ उभे राहिले आणि त्यावर हुकूम मात्र कंपनी सरकारचा राहिला. 'पूना ऑक्झिलिअरी हॉर्स' हे त्याचे मूळ नाव. वर्ष सरण्यापूर्वीच या रिसाल्यावर पेशव्यांच्याच फौजेशी लढण्याची वेळ आली. नियतीचा असा उपहास आपल्या इतिहासात इतरत्रही आढळतो. तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही आणि त्याबद्दल आजच्या सवारांना दोष देण्यातही अर्थ नाही. रिसाले टिकतात, धनी बदलतात. १९४७ साली हाच रिसाला स्वतंत्र भारताच्या ध्वजाखाली आला. त्यातील सवार आता बहुतेक उत्तर भारतातले होते, तरी खांद्यावरचे नाव पुण्याचेच राहिले.

हैदराबादकडील आमच्या वाचकांनाही या रेजिमेंटचा अभिमान वाटावा असे एक कारण आहे. १९६५ च्या युद्धात तिचे कमांडंट होते लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. त्यांचा जन्म मुंबईचा, शालेय शिक्षण पुण्याचे आणि लष्करी जीवनाचा आरंभ हैदराबाद संस्थानच्या फौजेत. शिवछत्रपतींच्या पदरी असलेल्या रतनजीबा नावाच्या एका पारशी सेनानीला शंभर गावे इनाम मिळाली, त्यांतील तारापूर या मुख्य गावावरून घराण्याचे आडनाव पडले, अशी त्या कुळाची परंपरा सांगते. फिलोरा आणि चाविंडा येथील लढायांत या वीराने सहा दिवस आपल्या रेजिमेंटचे नेतृत्व केले. जखमी झाल्यावरही त्यांनी मागे जाण्यास नकार दिला. १६ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांना वीरगती मिळाली. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

तारापोरांच्या पश्चात सहा वर्षांनी याच रेजिमेंटमध्ये एक कोवळा अधिकारी दाखल झाला. त्याचा जन्मही योगायोगाने पुण्यातच, १४ ऑक्टोबर १९५० रोजी झालेला. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे त्याचे नाव.

अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम

खेत्रपालांचे घराणे मूळचे सरगोध्याचे. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेले आणि घर सोडून भारतात यावे लागले. सैनिकी पेशा मात्र पिढीजात. पणजोबा शिखांच्या फौजेत इंग्रजांविरुद्ध लढलेले, आजोबा पहिल्या महायुद्धात होते आणि वडील मदनलाल खेत्रपाल भारतीय सैन्याच्या इंजिनिअर दलात ब्रिगेडियरच्या हुद्द्यापर्यंत चढलेले. अरुण १९६७ साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाला. पुढे डेहराडूनचे शिक्षण पुरे करून १३ जून १९७१ रोजी तो पूना हॉर्समध्ये अधिकारी झाला.

रणगाडा दलातील प्रत्येक नव्या अधिकाऱ्यास नगरला येऊन एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तोफेचा नेम, यंत्राची निगा, बिनतारी संदेशांची भाषा, तुकडीच्या हालचालींचे डावपेच हे सारे तेथे शिकवतात. अरुणही त्यासाठी नगरास आला. परंतु १९७१ च्या अखेरीस युद्धाचे ढग दाटून आले. अभ्यासक्रम अर्धाच राहिला आणि तरुण अधिकाऱ्यांना आपापल्या पलटणींत परतण्याचे हुकूम निघाले. अरुण दिल्लीस घरी उभ्या उभ्या जाऊन आला. सामानात त्याने गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा पोशाखही घेतला होता. लाहोरला गोल्फ खेळू, विजयाच्या मेजवानीला पोशाख लागेलच, असे तो हसत म्हणाल्याचे सांगतात. एकविसाव्या वर्षी मरणाचा विचार कोणाच्या मनात येतो? निरोप देताना आईने मात्र बाप-आजांच्या शौर्याची आठवण करून दिली आणि भित्र्यासारखा परत येऊ नकोस, असे बजावले, अशीही आठवण सांगितली जाते. त्या माउलीच्या मनात त्या क्षणी काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पना मुलाला रात्रीच्या गाडीत बसवून देणाऱ्या कोणत्याही आईला करता येईल.

पोलादाचा तो प्राणी

लढाईची हकिकत सांगण्यापूर्वी त्या रणगाड्याची थोडी ओळख करून घेऊ. 'सेंच्युरियन' जातीचा हा रणगाडा मूळचा ब्रिटिश. जर्मनांच्या बलाढ्य रणगाड्यांना उत्तर म्हणून १९४३ साली त्याचा आराखडा सुरू झाला. परंतु पहिले नमुने युरोपात पोहोचेपर्यंत १९४५ चा मे महिना उजाडला आणि तिथले युद्ध संपलेही होते. म्हणजे ज्या युद्धासाठी तो घडला ते त्याला मिळालेच नाही. त्याचे खरे नाव पुढे कोरियात, पश्चिम आशियात आणि आपल्या पंजाबच्या सीमेवर झाले.

वजन सुमारे ५१ टन. इंजिन रोल्स रॉइसचे 'मीटिऑर', ६५० अश्वशक्तीचे. प्रख्यात स्पिटफायर विमानात जे 'मर्लिन' इंजिन बसवीत, त्याचाच हा जमिनीवर उतरलेला भाऊ. एवढी शक्ती असूनही पोलादाच्या ओझ्यामुळे त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपासच राही आणि पेट्रोल तर तो घटाघटा पीत असे. फिरत्या बुरुजावर वीस पौंडी म्हणून ओळखली जाणारी तोफ. आत माणसे चार. पुढे खाली चालक, बुरुजात तोफची, त्याच्या शेजारी गोळे भरणारा व बिनतारी यंत्र सांभाळणारा सवार आणि सर्वांच्या वर, झाकणातून डोके बाहेर काढून रणांगण न्याहाळणारा कमांडर. आत उकाडा, तेलाचा व दारूगोळ्याचा वास आणि कानठळ्या बसवणारा आवाज. चौघांचे प्राण एकमेकांच्या हाती. चालकाने क्षणभर उशीर केला किंवा तोफच्याचा नेम चुकला, तर शिक्षा चौघांनाही सारखीच.

समोर पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन होते. ते वेगाने सरस आणि नेमबाजीच्या उपकरणांनी अद्ययावत. सेंच्युरियन मंद, पण साधा आणि अंगाने दणकट. अखेर यंत्रापेक्षा यंत्र चालवणारा माणूस महत्त्वाचा, हे १९६५ ने एकदा दाखवले होते. १९७१ त्याची पुन्हा परीक्षा घेणार होते.

बसंतरच्या काठी

पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता म्हणजे काश्मीरची जीवनवाहिनी. तो सीमेला अगदी लागून जातो. त्याच्यासमोर पाकिस्तानच्या हद्दीतला शकरगढचा प्रदेश एखाद्या पुढे आलेल्या कोपरासारखा भारताच्या बाजूला घुसलेला आहे. शत्रूने तेथून मुसंडी मारली तर रस्ता तुटे. म्हणून आपल्या सैन्याने स्वतःच त्या प्रदेशात शिरण्याचे ठरवले. वाटेत बसंतर नदी आडवी होती आणि तिच्या दोन्ही काठांवर दूरवर सुरुंग पेरलेले होते.

१५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने नदीपलीकडे पाय रोवले. इंजिनिअर दलाचे जवान गोळ्यांच्या वर्षावात सुरुंग काढून रणगाड्यांसाठी वाट मोकळी करीत होते. वाट पुरती मोकळी झालेली नसतानाच पलीकडून निरोप आला की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल ऐकू येत आहे. पायदळाला एकटे सोडणे म्हणजे त्यांचा घात करणे. पूना हॉर्सचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांनी सुरुंगांची पर्वा न करता रणगाडे पुढे घातले. पहाटेपूर्वी ते पलीकडे पोहोचले.

१६ डिसेंबरच्या सकाळी जरपाल गावाजवळ पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रेजिमेंटने पॅटनसह प्रतिहल्ला केला. तेथे असलेल्या 'बी' स्क्वाड्रनपेक्षा शत्रूचे बळ अधिक होते. स्क्वाड्रन कमांडरने कुमक मागितली. अरुण जवळच 'ए' स्क्वाड्रनमध्ये होता. तो आपल्या तुकडीसह तत्काळ निघाला. वाटेत शत्रूच्या मोर्च्यांमधून मारा झाला. त्यात त्याच्या तुकडीतील दुसऱ्या रणगाड्याचा कमांडर कामी आला. अरुणने ते मोर्चे चिरडले, काही शत्रुसैनिकांना पिस्तुलाच्या धाकाने कैद केले आणि तो पुढे गेला.

त्यानंतर जे घडले ते रणगाडा दलात आजही सांगितले जाते. कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि अरुण, अशा तिघांचे तीन रणगाडे शत्रूच्या लाटेसमोर उभे राहिले. अहलावतांचा रणगाडा निकामी होऊन ते जखमी झाले. मल्होत्रांच्या तोफेत बिघाड झाला. गोळा डागू शकणारा रणगाडा उरला एकटा फामागुस्ता. त्या घनघोर चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले. त्यांतील चार एकट्या अरुणच्या नावावर आहेत.

फामागुस्तावरही गोळा बसला होता आणि त्याने पेट घेतला होता. रणगाडा सोडून बाहेर पड, अशी आज्ञा बिनतारी यंत्रावरून आली. अरुणने नकार दिला. आपली तोफ अजून चालते आहे आणि ती चालते तोवर आपण रणगाडा सोडणार नाही, एवढेच त्याने कळवले आणि यंत्र बंद केले. आज्ञाभंगाला सैन्यात क्षमा नसते. परंतु त्याला दिसत होते ते वरिष्ठांना दिसत नव्हते. तो बाजूला झाला असता तर मागच्या पायदळापर्यंतची वाट शत्रूला मोकळी होती.

त्याने टिपलेला अखेरचा पॅटन त्याच्यापासून जेमतेम शंभर मीटरवर होता. तेवढ्यात फामागुस्तावर दुसरा गोळा बसला. आतल्या चौघांपैकी सवार नंद सिंग आणि स्वतः अरुण यांचे प्राण गेले. चालक प्रयाग सिंग व तोफची नथू सिंग वाचले. शत्रूला मात्र ती फळी भेदता आली नाही.

दिवस कोणता होता, याची वाचकांनी आठवण करावी. १६ डिसेंबर १९७१. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. साऱ्या देशाने, आपल्या घराघरांनीही, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिम सीमेवरच्या तोफाही थंडावल्या. अरुणचे वय एकवीस वर्षे आणि दोन महिने होते. अधिकारी होऊन सहा महिने झाले होते. १७ तारखेस सांबाजवळ त्याच्या देहाला अग्नी देण्यात आला. घरी ही वार्ता कळली ती २६ डिसेंबरला. म्हणजे युद्ध संपले, विजय साजरा झाला, मुलगा आता येईल म्हणून घर नऊ दिवस वाट पाहत होते, आणि तो तर नव्हताच.

अरुणला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्याच जरपालच्या लढाईत ग्रेनेडिअर्सचे मेजर होशियार सिंग यांनीही परमवीर चक्र मिळवले, आणि ते घेण्यास ते हयात होते. हणूत सिंगांना महावीर चक्र देण्यात आले. पूना हॉर्सच्या पराक्रमाची दखल शत्रूनेही घेतली आणि तिला 'फख्र-ए-हिंद', म्हणजे हिंदुस्थानचा अभिमान, असे संबोधले, असे सांगतात.

सरगोध्याची वाट

येथे ही कथा संपती तर ती इतर वीरकथांसारखीच एक झाली असती. परंतु तीस वर्षांनी तिला आणखी एक पान जोडले गेले.

२००१ साली ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल एक्याऐंशी वर्षांचे झाले होते. मरण्यापूर्वी एकदा सरगोध्याचे आपले घर पाहावे, ही त्यांची इच्छा होती. ते पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचे यजमान झाले ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर, तेही निवृत्त सैनिक. नासेर कुटुंबाने या वृद्ध पाहुण्याचे मनोभावे आदरातिथ्य केले. तीन दिवस गेले. परतण्याच्या आदल्या रात्री, जेवणानंतर, यजमानांनी मनावरचा भार उतरवला. १६ डिसेंबर १९७१ रोजी जरपालला १३ लान्सर्सचा एक मेजर म्हणून आपण लढत होतो. दोन रणगाडे समोरासमोर आले, दोन्हींनी गोळे डागले. तुमच्या मुलाचा मृत्यू आपल्या हातून झाला, असे त्यांनी सांगितले. आणि ज्या शौर्याने तो उभा राहिला त्याचे कौतुक केले.

वाचकहो, त्या खोलीत क्षणभर स्वतःला उभे करून पाहा. ज्याच्या घरचे अन्न तीन दिवस खाल्ले, त्याच्याच हातून आपला मुलगा गेला, हे कळल्यावर बापाने काय करावे? संतापावे? उठून निघून जावे? खेत्रपाल यांनी यांतले काहीच केले नाही. ते स्वतः सैनिक होते. समोरचा मनुष्यही आपल्या देशासाठी आपले कर्तव्य करीत होता, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी ते यजमानांचा निरोप घेऊन मायदेशी परतले. नासेर यांना तरी हे सांगण्याची काय गरज होती? मौन पाळले असते तर कोणालाही कळले नसते. परंतु पाहुण्याच्या ताटात अन्न वाढताना मनात असत्य ठेवणे त्यांना जड गेले असावे. आमच्या मते त्या रात्री दोन्हीकडची माणुसकी शर्थीला उतरली होती, आणि तो प्रसंग जरपालच्या प्रसंगाहून कमी शौर्याचा नव्हता.

पोलाद आणि माणूस

फामागुस्ता युद्धानंतर परत मिळाला. त्याची दुरुस्ती झाली आणि तो नगरला आणला गेला. फाटलेले पोलाद सांधता येते, त्यावर नवा रंग चढवता येतो. आतली दोन माणसे मात्र परत मिळवता येत नाहीत. संग्रहालये पाहताना हे आपण फार लवकर विसरतो. तोफेचा व्यास वाचतो, पोलादाची जाडी वाचतो आणि आत चार माणसे बसली होती हे लक्षात राहत नाही.

अरुणची स्मृती देशाने जागती ठेवली आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत ज्या मैदानावर छात्र संचलन करतात, त्याला त्याचे नाव आहे. २०२३ साली अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची नावे दिली गेली, त्यांत एक बेट त्याच्या नावाचे आहे. तरीही आम्हांस नगर हेच त्याचे खरे स्मारक वाटते. कारण तेथे त्याचा अभ्यासक्रम अर्धा राहिला होता. शिकवण्यासारखे जे उरले होते, ते तो बसंतरच्या काठी स्वतःच शिकला, आणि त्याचा रणगाडा मात्र शाळेत परत आला.

पुढच्या उन्हाळ्यात आपण पुण्याकडे निघालात, तर नगरला चहाच्या पेल्यापेक्षा थोडा अधिक वेळ काढावा. मुलांना रणगाड्यांचे संग्रहालय दाखवावे. तोफ केवढी आहे, हे ती स्वतःच पाहतील. आपण त्यांना आत बसलेल्या माणसांविषयी सांगावे. नऊ दिवस वाट पाहणाऱ्या घराविषयी सांगावे, आणि लाहोरमधल्या त्या रात्रीविषयीही सांगावे. तरुण अधिकारी आजही त्याच शाळेत शिकण्यास येतात. त्यांच्यापैकी कोणालाही आपला अभ्यासक्रम अर्धा सोडून जावे लागू नये, एवढीच आपण प्रार्थना करू या.